तिकिट-संग्राहक मंडळाच्या माजी सभासदांस

शाळेंतून बाहेर पडलेला विद्यार्थी वर्षाकांठीं एकदां तरी शाळेची आठवण काढतो. स्नेहसंमेलनास आला म्हणजे तो क्रीडांगणाकडे वळतो, आपला जुना वर्ग शोधतो, आणि गुरुजनांस वंदन करून पूर्वींच्या सामन्यांच्या व नाटकांच्या गोष्टी सांगतो. हें सारें योग्यच आहे. परंतु ज्या लहानशा खोलींत शनिवारीं दुपारीं चार-सहा मुलें डोकीं एकत्र करून चिमट्यानें तिकिटें उचलीत बसत, त्या खोलीची चौकशी करणारा माजी विद्यार्थी विरळाच आढळतो. क्रिकेटच्या संघास जुने खेळाडू भेटावयास येतात, नाट्यमंडळास जुने नट भेटतात. तिकिट-संग्राहक मंडळास मात्र जुने सभासद भेटत नाहींत. प्रस्तुत लेखाचा हेतु त्या माजी सभासदांस स्पष्ट शब्दांत इतकेंच सांगण्याचा आहे कीं, मंडळास तुमची गरज आहे, आणि ती पूर्वी कधीं नव्हती इतकी आज आहे.

सभासद मंडळ सोडून कां गेले याबद्दल कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. शालांत परीक्षेचें वर्ष आलें कीं आल्बम मिटतो. पुढें महाविद्यालय, मग नोकरीचा शोध, मग संसार. परगांवीं बदली झाली म्हणजे सामान कमी करावें लागतें, आणि शहरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत संग्रहास जागा उरत नाहीं. हीं कारणें खरीं आहेत. परंतु याहून सूक्ष्म असें आणखी एक कारण आहे, आणि त्याचा परामर्श घेणें अवश्य आहे. तिकिटें जमविणें हा पोरखेळ होय, मिसरूड फुटल्यावर तो शोभत नाहीं, अशी एक समजूत आपल्या समाजांत रुजलेली आहे. पंचविशींतील तरुणानें सतार हातीं घेतली तर लोक कौतुक करतात. त्यानेंच भिंग घेऊन तिकीट न्याहाळलें तर लोक हंसतात. या हंसण्यास भिऊन कित्येकांनीं आपला संग्रह माळ्यावर टाकला. म्हणून हा छंद खरोखर पोरखेळ आहे काय, हें प्रथम पाहूं.

इ. स. १८४० पूर्वीं इंग्लंडांत टपालाचें हशील अंतराच्या मानानें व कागदांच्या संख्येवरून आकारीत, आणि तें बहुधा पत्र घेणाऱ्यास द्यावें लागे. रोलंड हिल या सुधारकानें १८३७ सालीं एक पुस्तिका लिहून अशी सूचना केली कीं, अंतर कितीहि असो, ठराविक वजनाच्या पत्रास एकच अल्प हशील असावें, व तें पाठविणाऱ्यानें आधींच भरावें. त्यांतूनच मे १८४० मध्यें 'पेनी ब्लॅक' हें जगांतील पहिलें चिकटविण्याचें तिकीट निघालें. त्यावर राणी व्हिक्टोरियाचें मुख होतें, पण देशाचें नांव नव्हतें; आजहि ब्रिटनच्या तिकिटांवर देशाचें नांव छापलेलें नसतें. म्हणजे ज्या कागदाच्या कपट्यास आपण क्षुल्लक म्हणतों, त्याच्या मुळाशीं गरिबाचें पत्र स्वस्तांत जावें हा एक सामाजिक विचार होता.

आपल्या प्रांताचा या इतिहासांतील वांटाहि लहान नाहीं. आशियांतील पहिलें टपाल तिकीट १ जुलै १८५२ रोजीं सिंधमध्यें निघालें. आणि सिंध त्या काळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. पुढें मुंबईचे गव्हर्नर झालेले बार्टल फ्रिअर हे तेव्हां तेथें कमिशनर होते. त्यांनीं तें सुरू केलें. 'सिंध डाक' या नांवानें प्रसिद्ध असलेलें हें अर्ध्या आण्याचें वाटोळें तिकीट प्रथम तांबड्या लाखेसारख्या द्रव्यावर ठसा उठवून केलेलें असे. तें ठिसूळ असल्यामुळें सहज फुटे. म्हणून पुढें तें पांढऱ्या व निळ्या रंगांत काढण्यांत आलें. १८५४ सालीं सर्व हिंदुस्थानाकरितां कलकत्त्यास तिकिटें छापण्यांत आलीं. त्यांतील चार आण्यांचें तिकीट दोन रंगांत, दोन वेळां दाबून छापावें लागे; छापतांना चूक होऊन कांहीं प्रतींवर राणीचें डोकें उलटें पडलें, आणि त्या प्रती आज जगांतील अत्यंत दुर्मिळ तिकिटांत गणल्या जातात. भोरसारख्या लहानशा संस्थानानेंहि १८७९ सालीं स्वतःचीं तिकिटें काढलीं होतीं. पुढें १९२५ सालीं नाशिक येथें सरकारी मुद्रणालय स्थापन झालें, आणि तोंवर लंडनहून छापून येणारीं तिकिटें आपल्याच भूमींत छापलीं जाऊं लागलीं.

परंतु या छंदाचें मर्म सनावळींत नाहीं. तें बारीक खुणा वाचण्यांत आहे. पंचम जॉर्ज यांचें एक साधें तिकीट घ्या. त्यावर 'आय. ई. एफ.' हीं तीन अक्षरें मागाहून छापलेलीं असलीं, तर तें १९१४ सालीं महायुद्धावर गेलेल्या हिंदी सैन्याकरितां काढलेलें तिकीट होय, हें जाणत्यास तत्क्षणीं कळतें. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनी येथें विमानानें पत्रें नेण्यांत आलीं. विमानानें झालेली ती जगांतील पहिली अधिकृत टपालफेरी होय. तीं सुमारें साडेसहा हजार पत्रें होतीं, त्यांवर एक खास शिक्का मारलेला होता, आणि त्यांचें उत्पन्न तेथील एका ख्रिस्ती विद्यार्थिवसतिगृहाच्या साह्यार्थ दिलें गेलें. तो शिक्का ज्यास ओळखतां येत नाहीं, त्याच्या हातीं असा लिफाफा आला तरी तो त्यास रद्दींत टाकील.

याहून बोलका दाखला १९४७ सालचा आहे. पाकिस्तानचीं पहिलीं तिकिटें १ ऑक्टोबर १९४७ रोजीं निघालीं. तीं नवीं नव्हतीं. हिंदुस्थानचींच जुनीं तिकिटें घेऊन नाशिकच्या मुद्रणालयांत त्यांवर 'पाकिस्तान' हा एक शब्द छापण्यांत आला होता. फाळणीवर ग्रंथ पुष्कळ झाले आहेत. पण दोन राष्ट्रें वेगळीं होतांना स्वतंत्र तिकीट छापण्याइतकीहि सवड कोणास नव्हती, हें सत्य त्या एका काळ्या शब्दांत जसें डोळ्यांपुढें उभें राहतें, तसें तें दहा पृष्ठें वाचून राहत नाहीं. त्यानंतर २१ नोव्हेंबर १९४७ रोजीं स्वतंत्र भारताचें राष्ट्रध्वज असलेलें साडेतीन आण्यांचें तिकीट निघालें. १९४८ सालीं महात्माजींच्या स्मरणार्थ काढलेलीं तिकिटें स्वित्झर्लंडमध्यें छापून आणावीं लागलीं. आणि २०११ सालीं त्याच महात्माजींचें तिकीट खादीच्या कापडावर छापण्यांत आलें. १९५८ सालीं महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या शंभराव्या वाढदिवशीं, ते हयात असतांनाच, त्यांचें तिकीट प्रसिद्ध झालें. त्यावरील किंमत 'नये पैसे' या नाण्यांत आहे, कारण आदल्याच वर्षीं एप्रिलांत देशानें आणे-पै सोडून दशमान नाणें स्वीकारलें होतें. ज्यास असें वाचतां येतें, तो पोरखेळ करीत नाहीं. तो देशाचें दप्तर चाळीत असतो.

येथें कोणी म्हणेल, 'हें सर्व पुस्तकांत आहे, आणि आतां तर घरबसल्या संगणकाच्या पडद्यावरहि दिसतें. मग माजी सभासदांची गरज काय?' या शंकेचें उत्तर नीट दिलें पाहिजे, कारण आमच्या विनंतीचा सर्व भार त्यावरच आहे. पुस्तकांत माहिती मिळते. हात मिळत नाहीं. १८६५ च्या सुमाराच्या हिंदी तिकिटांच्या कागदांत हत्तीच्या मस्तकाची पाणखूण असे, पुढें ती जाऊन तारा आला. ही खूण छायाचित्रांत दिसत नाहीं. तिकीट उजेडासमोर धरून, किंवा काळ्या तबकडींत पालथें ठेवून, ती पाहावयास शिकावें लागतें. तिकिटाच्या कडेचीं छिद्रें दोन सेंटिमीटर लांबींत किती बसतात यावरून दोन सारख्या दिसणाऱ्या तिकिटांचा भेद ठरतो. तें मोजण्याची पट्टी लावतांना प्रथम प्रत्येकाची चूक होते, आणि ती चूक शेजारीं बसलेल्या जाणत्यानेंच दाखवावी लागते. तिकिटें भिजवितांना कागद तिकिटावरून सोलावा, तिकीट कागदावरून सोलूं नये. कोणता रंग पाण्यांत उतरतो तें आधीं पाहावें. जुन्या लिफाफ्यावरील तिकीट तर मुळींच काढूं नये, कारण शिक्क्यासह सबंध लिफाफा हाच दस्तऐवज असतो. हे नियम चार ओळींत लिहितां येतात, पण हातांत मुरावयास वर्षें लागतात. खोटें तिकीट ओळखण्याची विद्या तर केवळ नजरेची आहे. शेंकडों खरीं तिकिटें हाताळलेल्या मनुष्यास बनावट कागद बोटांस लागतांच खटकतो. ही विद्या परंपरेनें चालते. एका पिढीनें हात आखडला कीं तिचा धागा तुटतो.

आणि आज तो धागा तुटण्याच्या बेतांत आहे, याचें कारण मुलांचा आळस नव्हे. पूर्वीं मुलास तिकिटें शोधावयास जावें लागत नसे. तीं घरीं चालून येत. मामाच्या कचेरींतील लिफाफे, पेढीवरील व्यापाऱ्याचीं पत्रें, आफ्रिकेंत किंवा आखातांत नोकरीस असलेल्या नातलगाचें पत्र, हा सारा त्याचा खजिना. आपल्यासारख्या मिशनच्या शाळांत तर परदेशस्थ गुरुजनांच्या टपालामुळें स्कॉटलंडचीं व अमेरिकेचीं तिकिटें मुलांस अनायासें मिळत, आणि मधल्या सुटींत त्यांची देवघेव चाले. आतां तो काळ राहिला नाहीं. १८७९ सालीं एका पैशास सुरू झालेलें पोस्टकार्ड आज कोणी लिहीत नाहीं असेंच म्हटलें पाहिजे. तारेची सेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. नोंदणी टपाल २०२५ सालीं स्पीड पोस्टांत विलीन करण्यांत आलें. खुशालीचीं पत्रें भ्रमणध्वनीनें गिळलीं, आणि घरीं येणाऱ्या पुडक्यावर तिकिटाऐवजीं काळ्या रेघांची चिठ्ठी असते. आजच्या सातवींतील मुलाच्या दारीं वर्षभरांत हातानें लिहिलेलें एकहि पत्र येत नसेल, तर त्यानें जमवावें तरी काय?

तो नवीं तिकिटें विकत घेऊं शकतो, हें खरें. मोठ्या पोस्टांतील संग्राहक-विभागांत तीं मिळतात, आणि तीं सुरेखहि असतात. २००६ सालीं तर चंदनाचा सुवास येणारें तिकीट निघालें होतें. परंतु विकत घेतलेल्या तिकिटानें प्रवास केलेला नसतो. त्यावर आडगांवच्या टपालकचेरीचा पुसट शिक्का नसतो, तारीख नसते, कोणाच्या तरी वाट पाहण्याची खूण नसते. अशा तिकिटांचा संग्रह मुलगा एका महिन्यांत करतो आणि दुसऱ्या महिन्यांत त्यास कंटाळतो. त्याची गोडी टिकावयाची असेल, तर त्याच्यापुढें जुनें साहित्य मांडणारा व त्याचा अर्थ सांगणारा कोणी तरी बसला पाहिजे. तें साहित्य व तो अर्थ हीं दोन्ही माजी सभासदांपाशीं आहेत, अन्यत्र कोठेंहि नाहींत.

तें साहित्य कोठें आहे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. तें माळ्यावर, पलंगाखालच्या पेटींत, गांवच्या घरांतील कपाटांत आहे. आपल्या कोंकणपट्टींतील चार महिन्यांचा पावसाळा कागदाचा वैरी आहे. दमट हवेनें तिकिटांचा गोंद सुटून तीं एकमेकांस चिकटतात, कागदावर तपकिरी डाग पडतात, आणि कसर लागली म्हणजे पृष्ठेंच्या पृष्ठें चाळण होतात. दहा वर्षें न उघडलेला आल्बम हा संग्रह नव्हे. तो हळूहळू चाललेला नाश आहे. याहून दुःखाची गोष्ट अशी कीं, संग्रह करणारा गेला म्हणजे घरच्यांस त्यांतील कांहींच कळत नाहीं. घर आवरण्याच्या दिवशीं तीं वहीपत्रें वजनावर विकलीं जातात. त्या कागदांबरोबर एका कुटुंबाचा, एका पेठेचा, क्वचित् एका संस्थानाचा इतिहास जातो, आणि गेला हेंहि कोणास कळत नाहीं. म्हणून प्रत्येक माजी सभासदास आमचें पहिलें सांगणें हें कीं, आपला आल्बम या आठवड्यांत खालीं काढा, कोरड्या दिवशीं त्यास वारा दाखवा, आणि त्यांत काय आहे हें एका कागदावर स्वच्छ लिहून ठेवा. मंडळांत यावयाचें कीं नाहीं, तें त्यानंतर ठरवा. तो आल्बम एकदां उघडला म्हणजे अर्धें काम तोच करील, असा आम्हांस भरंवसा आहे.

आतां नेहमींच्या कांहीं सबबींचा विचार करूं. पहिली सबब वेळ नाहीं ही. आम्ही कोणाचा रविवार मागत नाहीं. महिन्यांतून एक तास मागतों. दुसरी सबब, 'आम्ही सर्व विसरलों.' पोहणें जसें विसरत नाहीं, तसा चिमटा धरणेंहि विसरत नाहीं. जें विसरलें असेल तें मुलांबरोबर पुन्हां शिकावें, त्यांत कमीपणा नाहीं. तिसरी सबब उलट बाजूची आहे. कित्येकांस वाटतें कीं आपल्या जुन्या आल्बमांत लाखों रुपये दडले आहेत, आणि तो मुलांच्या हातीं देणें धोक्याचें आहे. त्यांस स्पष्टच सांगितलें पाहिजे कीं, बाळपणीं जमविलेल्या बहुतेक तिकिटांस बाजारांत फार अल्प किंमत येते. तीं लक्षावधि छापलेलीं असतात. क्वचित् कोणाजवळ मौल्यवान् वस्तु निघालीच, तर ती त्यानें खुशाल घरीं जपून ठेवावी. शिकविण्यास साधीं तिकिटें पुरतात. किंबहुना तींच अधिक उपयोगी पडतात, कारण मुलांच्या हातून एखादें फाटलें तरी कोणाच्या पोटांत गोळा येत नाहीं.

ही विनंती एकतर्फी होऊं नये म्हणून मंडळाचीहि कर्तव्यें सांगणें प्राप्त आहे. पुष्कळ संस्था जुन्या सभासदांस फक्त वर्गणीच्या व देणगीच्या वेळीं स्मरतात. मग ते संस्थेचें पत्र पाहून कपाळास आठी घालतात, यांत नवल नाहीं. मंडळानें असा व्यवहार करूं नये. सभेचा वार व वेळ ठरलेली असावी आणि ती मोडूं नये. दोन वेळां येऊन दार बंद आढळलें तर तिसऱ्यांदा कोण येईल? आलेल्या वडील मनुष्यास खुर्ची, उजेड व ऐकणारे कान द्यावेत. त्यांस भाषण करण्याचा आग्रह धरूं नये. पुष्कळांस भाषण येत नाहीं, पण टेबलाशीं बसून एका मुलास एक शिक्का समजावून सांगणें उत्तम येतें. गांवीं राहणाऱ्या सभासदांस येणें अशक्य असेल, तर त्यांनीं मुलांस पत्र लिहावें, तिकीट लावून, टपालानें. मंडळाच्या मुलांस याहून चांगली भेट ती कोणती? त्या पत्राचा लिफाफा हाच त्यांच्या संग्रहाचें पहिलें पान होईल.

सरकारच्या टपाल खात्यानेंहि ही अडचण ओळखली आहे. २०१७ सालीं त्यानें 'दीनदयाळ स्पर्श' नांवाची शिष्यवृत्ति सुरू केली. ती इयत्ता सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांकरितां असून तिची रक्कम वर्षास ६,००० रुपये ठरविण्यांत आली. तींत शाळेच्या तिकिट-संग्राहक मंडळाचें सभासदत्व महत्त्वाचें मानलें आहे, आणि अनुभवी संग्राहकांनीं शाळांस मार्गदर्शन करावें अशीहि योजना आहे. म्हणजे द्रव्याचें साह्य देतां येतें, स्पर्धा भरवितां येते. परंतु मार्गदर्शक कोणास छापून काढतां येत नाहीं. तो कोणत्या तरी शाळेच्या जुन्या मंडळांतूनच यावा लागतो.

येथें आणखी एका गोष्टीचें स्मरण होतें. आपण प्रत्येक पत्त्याखालीं जो सहा अंकी पिनकोड लिहितों, तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, आणि त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांनीं आंखली. तेच वेलणकर संस्कृतचे नामांकित पंडित व कवि होते. कचेरीचें काम, अंकांची शिस्त आणि काव्याचा छंद हीं एका मनुष्याच्या ठायीं सुखानें नांदूं शकतात, याचें हें जवळचें उदाहरण आहे. प्रौढपणीं छंद शोभत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं तें ध्यानांत ठेवावें. प्रौढपणीं छंद नुसता शोभतोच असें नव्हे, तर तो मनुष्यास निवृत्तीच्या ओसाड दुपारींहि एकटें पडूं देत नाहीं.

माजी सभासद बंधुभगिनींनो, तुम्हांस जें येतें तें तुम्हांस कोणी तरी फुकट शिकविलें होतें. एखाद्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यानें आपलें दुहेरी तिकीट तुमच्या हातावर ठेवलें होतें. एखाद्या गुरुजींनीं आपल्या पत्राचा लिफाफा तुमच्याकरितां राखून ठेवला होता. तें ऋण त्यांस फेडतां येत नाहीं, कारण त्यांपैकीं पुष्कळ आतां नाहींत. तें पुढच्यांसच फेडावें लागतें. मंडळाची खोली तीच आहे, आणि मुलें आजहि जिज्ञासु आहेत. तुमचा चिमटा, तुमचें भिंग आणि एक तासाची सवड घेऊन या. कोणी तुम्हांस इतकीं वर्षें कां आलां नाहीं असें विचारणार नाहीं. फार तर एखादें लहान मूल एक तिकीट पुढें करून विचारील कीं, 'काका, यावरचा हा शिक्का कोणत्या गांवचा?' त्या प्रश्नाचें उत्तर देणारा मनुष्य खोलींत असावा, एवढीच आमची विनंती आहे.